मत ही साक्ष आहे



निवडणूक जवळ आली की जुम्याच्या नमाजनंतर तरुण मंडळी दोन प्रश्न विचारतात. पहिला, 'मौलाना, मत कुणाला द्यायचे?' दुसरा, 'माझ्या एका मताने काय होणार आहे?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. त्याचे कारण पुढे येईल. दुसरा प्रश्न मात्र ऐकून सोडून देण्याजोगा नाही. तो विचारणाऱ्याने मनोमन ठरवलेले असते की, सार्वजनिक जीवनात आपण असलो काय नि नसलो काय, सारखेच. अठराव्या-विसाव्या वर्षी रुजलेला हा समज पुढे घरात, मोहल्ल्यात आणि जमातीतही माणसाला निष्क्रिय करतो.

शरीअतच्या दृष्टीने मत म्हणजे नेमके काय? देवबंदच्या परंपरेतील विख्यात विद्वान मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताची तीन अंगे सांगितली आहेत : शहादत, शफाअत आणि वकालत. मत देणारा 'हा उमेदवार या कामास पात्र व प्रामाणिक आहे' अशी साक्ष देतो, त्याची शिफारस करतो आणि सर्व लोकांच्या वतीने त्याला प्रतिनिधी नेमतो. यांतील पहिले अंग ध्यानात घेतले तरी पुष्कळ उलगडा होतो. सूरह बकराच्या २८३व्या आयतीत साक्ष लपवण्यास मनाई आहे आणि ती लपवणाऱ्याचे अंतःकरण गुन्हेगार ठरवले आहे. खोट्या साक्षीची गोष्ट निघाली तेव्हा टेकून बसलेले प्रेषित मुहम्मद (स.) सरळ उठून बसले आणि त्यांनी ती ताकीद इतक्या वेळा उच्चारली की, आता आपण थांबावे, असे सहाबांना वाटू लागले. साक्ष लपवणे आणि खोटी साक्ष देणे, या दोन्ही वाटा बंद आहेत. उरते ती खरी साक्ष.

आता 'एका मताने काय होणार?' या प्रश्नाकडे वळू. निकाल काय लागला, याचा जाब साक्षीदाराला कुणी विचारत नाही. जे जाणतो ते प्रामाणिकपणे सांगणे, एवढीच त्याची जबाबदारी. कुणी म्हणेल, इतर साक्षीदार पुरेसे असतील तर एकट्यावरचा भार हलका होतो, असे फिकहच सांगते. खरे आहे. पण ते पुरेसे आहेत, हे घरी बसून कसे ठरवणार? २०२४च्या लोकसभा निवडणुकीत आपल्या मावळ मतदारसंघात १३ मे रोजी मतदान झाले. नोंदलेल्या सुमारे २५ लाख ८५ हजार मतदारांपैकी जेमतेम ५५ टक्के केंद्रावर गेले. अकरा लाखांहून अधिक साक्षी दिल्याच गेल्या नाहीत आणि जय-पराजयातील अंतर एक लाखाच्या आत होते. तुमच्या वाटणीचा भार कुणी उचलला होता, असे या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

आपल्या पणजोबांना ही संधी नव्हती. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथील धरणांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहात जाऊ लागले आणि मुंबईला वीज मिळाली. पुढे शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाचे काम सुरू झाले तेव्हा, १९२१ साली, तिथल्या मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला. घरे-शेते बुडणार होती. पण मताचा हक्क तेव्हा ठरावीक सारा वा कर भरणाऱ्या थोड्यांनाच होता. शिवाय १९०९च्या कायद्यापासून मुस्लिम मतदारसंघ वेगळे काढलेले होते. संविधानाच्या ३२५व्या अनुच्छेदाने सर्वांसाठी एकच मतदारयादी केली. आज तुम्ही आणि तुमचा वारकरी शेजारी एकाच रांगेत उभे राहून एकाच पाण्याविषयी, एकाच रस्त्याविषयी, एकाच दवाखान्याविषयी साक्ष देता. पीडिताच्या हक्कासाठी मक्केत झालेल्या 'हिल्फुल फुजूल' या करारात प्रेषित (स.) नबुवतीपूर्वी सहभागी झाले होते, आणि तशा कामासाठी आजही बोलावले तर आपण जाऊ, असे त्यांनी नंतर सांगितले. शेजाऱ्यांसोबत न्यायासाठी उभे राहण्याचा याहून मोठा आदर्श कोणता?

आता पहिला प्रश्न. मी नाव का सांगत नाही? साक्ष स्वतःच्या माहितीवर द्यायची असते. इमामाकडून उसनी घेतलेली साक्ष ही साक्षच नव्हे. कायदाही स्पष्ट आहे. उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने दिला. मिंबर कोणत्याही उमेदवाराच्या प्रचारासाठी नाही. तेथून फक्त कसोटी सांगता येते. ती सूरह निसाच्या १३५व्या आयतीत आहे : स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरोधात जात असली तरी साक्ष न्यायाचीच द्या. सूरह माइदाची ८वी आयत बजावते की, कुणाविषयीचा द्वेषही तुम्हाला न्यायापासून ढळवू नये. म्हणून 'आपला माणूस' एवढेच कारण पुरेसे नाही आणि 'त्यांचा माणूस' हेही नाही. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घेणाऱ्याने तर साक्षच विकली. लाच देणारा आणि घेणारा, दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत केली आहे.

'सगळेच सारखे' ही तक्रारही ऐकू येते. दोन संकटांतील हलके निवडावे, हा फिकहचा जुना नियम आहे. तेही मनाला पटत नसेल तर २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आहे. तीही रांगेत उभे राहून दिलेली साक्षच. आणि ही व्यवस्था आपली नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी हजरत यूसुफ (अ.) यांचे स्मरण करावे. मिस्रच्या राजाच्या कारभारात त्यांनी भांडारांची जबाबदारी स्वतः मागून घेतली आणि दुष्काळात लोकांचे प्राण वाचवले.

आईवडिलांनो, मतदानाचे वय १९८९ मध्ये २१वरून १८वर आले. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना नमुना ६ भरून आगाऊ अर्ज करता येतो. निकाहनंतर तळेगावहून लोणावळ्यात आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत राहिले असेल, तर नमुना ८ भरून बदलून घ्या. तिचीही साक्ष आहे आणि ती तिची स्वतःची आहे. घरातील पुरुषांनी ती ठरवू नये. कारखान्यात वा कंपनीत काम करणाऱ्या मुलांना मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा कायदेशीर हक्क आहे. ती सुट्टी झोपण्यासाठी नाही, हे त्यांना प्रेमाने सांगा.

तरुण मित्रांनो, बोटावरची शाई काही आठवड्यांत पुसली जाईल. साक्षीची नोंद मात्र राहील आणि आखिरतमध्ये तिच्याविषयी विचारणा होईल. तेव्हा तुम्हाला निकाल विचारला जाणार नाही. तुम्ही कुठे होता, हे विचारले जाईल.

अल्लाह आपणा सर्वांना खरी साक्ष देण्याची तौफीक देवो. आमीन.