यंत्राचा विवेक

आमच्या घराण्यात पुरलेलं सोनं आहे. कोल्हापुरात जुना वाडा असलेल्या प्रत्येक घराण्यात ते असतं आणि ते नेमकं कुठं आहे, हे कुठल्याच घराण्याला ठाऊक नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात प्लेग आला, लोक घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले, तेव्हा माझ्या पणजीनं आपला २१ पानांचा कोल्हापुरी साज परसात पुरला, अशी आमची कथा.

यंदा वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. वाड्यात तिघांचा हिस्सा. माझा, पुण्याच्या चुलतभावाचा आणि निपाणीच्या आत्याचा. जेसीबी यायच्या आत परस एकदा चाचपून बघावं, असं माझ्या मनात आलं. कुणाला न सांगता, हेही त्याच दमात आलं. मी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसतो. दिवसभर दुसऱ्याचं सोनं बघणाऱ्याला एखादे दिवशी स्वतःचं बघावंसं वाटणारच की!

आता धातुशोधक यंत्र घ्यायचं तर कुठलं? आमचे हेडकॅशियर या विषयातले जाणकार निघाले. (ते कुठल्याही विषयातले जाणकार निघतात.) त्यांनी सांगितलं, यंत्राच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळली की जमिनीतल्या धातूतही भोवरे उठतात आणि यंत्र तेवढ्यावरून ओळखतं. एका जातीचं यंत्र धातूधातूंत फरक करतं. पण आपल्या काळ्या दगडात लोखंडाचा अंश फार, त्यामुळे ते जमिनीवरच गुरगुरत बसतं. दुसऱ्या जातीचं यंत्र जमिनीला दाद देत नाही. पण त्याला मोहर आणि मोळा यांतला फरक नीटसा कळत नाही. थोडक्यात, एक शंकेखोर आणि एक भोळं. स्थळं बघताना असंच असतं.

“त्यापेक्षा गुजरीत जाऊन धूळ धुवा,” हेडकॅशियर म्हणाले. थट्टा असली तरी खरं होतं. सराफांच्या दारातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी यंत्राशिवायच पोट भरत आले. तिकडे भंडारा-गोंदियाकडचे सोनझरी लोकही पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू लाकडी पाटीत घोळवत आले. पण मी पडलो बी.कॉम. कष्टापेक्षा भांडवल बरं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी कळतं.

शेवटी हेडकॅशियरांच्या मेव्हण्याकडून पहिल्या जातीचं यंत्र दोन दिवसांसाठी उसनं आणलं. त्याला एक कळ होती. ती फिरवली की नको असलेला धातू यंत्राला ऐकूच येत नाही. इंग्रजीत त्या कळीला जे नाव आहे त्याचं मराठी मी मनातल्या मनात ‘विवेक’ असं केलं.

रविवारी पहाटे परसात उतरलो. पहिल्या तासात अकरा खिळे, सोड्याच्या बाटल्यांची सहा बुचं आणि गोळ्यांच्या पाकिटांचा चंदेरी कागद एवढी संपत्ती निघाली. कंटाळून विवेक वाढवला. परस एकदम शांत झालं. इतकी शांतता मला लग्नानंतर प्रथमच लाभली.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. तिनं कानातली एक कुडी काढून जमिनीवर ठेवली आणि म्हणाली, “अहो, ह्याच्यावरून फिरवून दाखवा बघू.”

फिरवलं. यंत्र गप्प. पुन्हा फिरवलं. गप्प!

दुपारी यंत्राचं माहितीपत्रक नीट वाचलं. छोटा, पातळ सोन्याचा तुकडा आणि चंदेरी कागदाचा कपटा, यंत्राला दोन्ही सारखेच ऐकू येतात. कचरा नको म्हणालात की सोनंही गेलं. सोनं हवं असेल तर कचरा उकरावाच लागतो.

“आणि सापडलं तर कुणाचं?” हिनं विचारलं.

मी कायदा सांगितला. १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. न कळवणाऱ्याला वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मालक कुणीच नसेल तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जागामालकाचं.

“मी कायदा नाही विचारला,” ती म्हणाली. “आत्यांना सांगणार का, हे विचारलं.”

आता काय सांगू? खरं म्हणजे उत्तर मी यंत्र आणण्याआधीच देऊन टाकलं होतं. कळ परसात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी फिरवली होती. पुण्याचा भाऊ आवाज करतो, तो ऐकू येतो. आत्या आवाज करत नाही. टेबलावरही माझं तेच चालतं. बांगड्यांचा जोड आला की मी खुर्ची देतो आणि चार मणी घेऊन आलेल्या म्हातारीला मान वर न करता ‘उद्या या’ म्हणतो. नको ते ऐकू येऊ नये म्हणून आपण विवेक करतो. पण नको ते कुठलं, हे आधी कोण ठरवतं? बहुधा आपला कंटाळा. आणि त्याला आपण विवेक म्हणतो.

संध्याकाळी आत्याला फोन केला. परस, यंत्र, साज, सगळं सांगितलं. ती हसत सुटली.

“अरे बाळा, प्लेग सरल्यावर आजीनंच तो उकरून काढला होता. मग एकेक पान मोडत गेलं. घराची कौलं, तुझ्या बापाचं कॉलेज, माझं लग्न. शेवटचं एक पान आहे माझ्याकडं. तुझ्या पोरीच्या लग्नात द्यायचं ठेवलंय.”

“आणि आत्या, हे कधी बोलली नाहीस?”

“तू विचारलंस कधी?”

यंत्र दुसऱ्या दिवशी परत केलं. मेव्हण्यानं विचारलं, “काय सापडलं?” मी म्हटलं, “एक पान.” त्याला वाटलं, विड्याचं.