न दिसण्याचे प्रमाण

एखादी वस्तू दिसली नाही, एवढ्यावरून ती नाही असे म्हणता येते का? हा प्रश्न वेदान्त्यांचा, तसाच धुळ्या-जळगावात सूक्ष्मदर्शकापाशी बसणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचाही. एपिथेलिऑइड सार्कोमा हा मऊ ऊतींचा दुर्मीळ कर्करोग एन्झिंगर यांनी १९७० मध्ये वेगळा ओळखला. तरुण माणसाच्या बोटावर किंवा हातावर तो लहानशी कडक गाठ होऊन येतो, कधी न भरणारी जखम होऊन. नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात मधे मृत भाग आणि भोवती पेशींचे कडे दिसते. क्षयाच्या गाठीतही जवळपास असेच दिसते. तेवढ्यावरच भिस्त ठेवली तर रोग्याला क्षयाची औषधे सुरू होतील आणि कर्करोग काखेपर्यंत पोचेल.

म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशीतले ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी. केराटिनचा रंग चढतो, ही होकाराची बाजू झाली. पण सर्वांत बोलका पुरावा नकाराचा आहे. आयएनआय-१ हे प्रथिन निरोगी पेशींच्या केंद्रकात असते, या कर्करोगात मात्र सुमारे ९० टक्के गाठींतून ते नाहीसे झालेले असते. चाचणीत केंद्रके तपकिरी व्हायला हवीत, गाठीची निळीच राहतात. जाणता पॅथॉलॉजिस्ट तेवढ्यावर थांबत नाही. तो त्याच काचेवरच्या लिम्फोसाइट आणि रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी पाहतो. त्या तपकिरी असतील तरच गाठीच्या निळेपणाला अर्थ. त्याही निळ्या असतील तर नमुना फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडला असेल, खानदेशच्या उन्हाळ्यात बिघडला असेल, किंवा चाचणीच फसली असेल.

भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत्यांनी अनुपलब्धीला, म्हणजे न दिसण्याला, सहावे प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले ते नेमक्या याच अटीवर: घट असता तर दिसलाच असता, अशी स्थिती हवी. हीच योग्यतेची अट. अंधारात घट न दिसल्याने काहीच ठरत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला १९१६ मध्ये प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले. तिथल्या मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ती यांनी १९३३ मध्ये ‘अज्ञान’ या विषयावर ग्रंथ लिहिला. ‘मला ठाऊक नाही’ आणि ‘ते तिथे नाही’ यांतला फरक ज्या परंपरेने इतक्या कसोशीने जपला, तिचे काम काचेवरही पडते, असे मला ठामपणे वाटते.

कोणी म्हणेल, ही तर प्रयोगशाळेची साधी दक्षता, तिला दर्शनशास्त्र कशाला? पण दक्षता कशी घ्यावी हे नियमावली सांगते. दक्षतेशिवाय नकार ज्ञान का ठरत नाही, हे योग्यतेची अट सांगते. नैयायिकांचा आक्षेप अधिक भारी आहे: अभाव डोळ्यांनाच दिसतो, वेगळे प्रमाण नको. तरीही घट दिसण्याजोगा असायला हवा, ही अट तेही सोडत नाहीत, आणि इथे मुद्दा अटीचाच आहे. तिसरा आक्षेप वैद्यकाचा. आयएनआय-१ रॅब्डॉइड गाठीतही नसते, आणि काही एपिथेलिऑइड सार्कोमात ते टिकून राहते. हे खरेच आहे. अनुपलब्धीने कळतो तो अभाव. गाठीचे नाव त्यातून आपोआप निघत नाही. त्यासाठी रोग्याचे वय, गाठीची जागा, पेशींची ठेवण आणि केराटिन यांना एकत्र बोलावे लागते. आणि जिथे शेजारच्या पेशीही निळ्याच राहिल्या, तिथे अहवालात ‘आयएनआय-१ आढळले नाही’ असे लिहू नये; चाचणी ग्राह्य नाही असे लिहून ती पुन्हा लावावी, मग रोग्याला आणखी आठवडाभर थांबावे लागले तरी.