न चालणारे नाणे

माझ्या कपाटातल्या लाकडी डबीत चांदीची सात नाणी आहेत. नाद खणखणीत, पण बाजारात त्यांवर चण्याची पुडीही मिळायची नाही. सराफ वजनावर पैसे देईल. पण मग ते नाणे कसले?

ती पाडणाऱ्या राज्याला भूमीच नाही. जेरुसलेमला यात्रेकरूंसाठी अकराव्या शतकात निघालेल्या इस्पितळातून सेंट जॉनच्या सरदारांचा धर्मसंघ उभा राहिला. १५३० साली त्यांना माल्टा बेट मिळाले, १७९८ साली ते नेपोलियनने घेतले. १८३४ पासून संघाचे ठाणे रोमला आहे. बेट गेले, पण शंभराहून अधिक देशांशी वकिलातीचे संबंध आहेत आणि १९६१ पासून नाणीही पुन्हा निघू लागली. वीस ग्रानींची एक तारी, बारा तारींचा एक स्कूदो. हिशेब सगळा जिथल्या तिथे. दुकान तेवढे नाही!

या छंदाचा मला मोठा अभिमान होता. जे खर्चताच येत नाही त्याचा लोभ कसला, असे मी म्हणे. शिवाय वर्गात सांगायला गोष्ट होती. १५६५ सालचा तुर्कांचा वेढा उठला, नवे शहर बांधायचे होते आणि चांदी पुरेना. तेव्हा संघाचा प्रमुख ला व्हॅलेट याने तांब्याची नाणी चालवली. त्यांवर हातात हात गुंफलेले, आणि लॅटिन अक्षरे, 'तांबे नव्हे, विश्वास.' ही गोष्ट मी दर वर्षी रंगवून सांगतो. मुले फळ्याकडे पाहतात. आमचा शिपाई दाराशी उभा राहून ऐकतो.

एके दिवशी तोच शिपाई संध्याकाळी घरी आला. आईचे ऑपरेशन होते. "गुरुजी, पाच हजारांची नड आहे. दिवाळीपर्यंत फेडतो."

"माझ्यापाशी काही नाही रे," मी म्हणालो.

खोटे बोललो असे त्या वेळी वाटलेही नाही. रोकड खरोखरच नव्हती. कपाटातले माझ्या लेखी पैसे नव्हतेच, तो संच होता. एक नाणे गेले की संच मोडला. त्याने व्याजाने पैसे काढले. आई बरी झाली आणि तो पेढे घेऊन आला, तेव्हा मी फडक्याने स्कूदो पुशीत बसलो होतो. त्याने कौतुकाने विचारले, "गुरुजी, हेच का ते विश्वासाचे नाणे?" मी मान हलवली. विश्वासाचे नाणे तांब्याचे होते, हेदेखील मला सांगवले नाही.

पुढे मनात घोळत राहिले ते वेगळेच. व्हॅलेटातल्या आपल्या इस्पितळात हे सरदार रोग्यांना चांदीच्या ताटांत जेवण वाढीत आणि त्यांना 'आमचे धनी' म्हणत. फ्रेंचांनी ती चांदी नेऊन वितळवली म्हणून मी त्यांना कितीदा दूषणे दिली असतील! एका रोग्याच्या मुलापुढे त्याच संघाची चांदी मी कुलपात ठेवली, त्याला काय म्हणावे?

डबीत अजून सातही नाणी आहेत, हे लपवीत नाही.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाचा एक राणीछाप रुपया होता, आजीच्या हातचा. तोही न खर्चायचाच. माझ्या मॅट्रिकच्या फीच्या वेळी आईने तो गहाण टाकला, आणि त्या दिवाळीत चौरंगावर त्याच्या जागी एक सुपारी मांडली. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारीणबाईंनी विचारले, "रुपया कुठं गेला हो?"

आई म्हणाली, "लक्ष्मी यंदा शाळेत गेलीय."