कलेचे ऋण

राळेगणसिद्धीसारख्या गावात सोनाराचा मुलगा गणितात हुशार निघाला की मास्तरांना आनंद होतो आणि गावाला हळहळ वाटते. आता लेकीसुनांची बोरमाळ कोण घडवणार? असे विचारणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा पुण्यास नोकरीला असतात, हे सांगायला नकोच!

हळहळ खोटी असते असे नाही. बोरमाळेचा एकेक मणी म्हणजे पातळ पत्र्याच्या दोन वाट्या. ठशात घालून उठवायच्या, तोंडाला तोंड लावून जोडायच्या आणि आत लाख भरायची. जोडताना फुंकणीने दिव्याची ज्योत नेमकी सांध्यावर वळवावी लागते. डाक वितळला पाहिजे, पण सोने वितळता कामा नये. मधला क्षण पापणी लवण्याइतकाही नसतो. तो कोणत्या पुस्तकात सापडायचा? बापाच्या मांडीला मांडी लावून बसावे, त्याचा श्वास कुठे थांबतो ते पाहावे, आणि तेही बोटे कोवळी असताना. म्हणजे नेमके शाळेच्या वयात! कला टिकवा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला नसतो.

आणि जो समाज ही निष्ठा मागतो, त्याने स्वतः ती किती पाळली? चीनशी झालेल्या युद्धानंतर, १९६३ च्या जानेवारीत, सुवर्ण नियंत्रण आले. १४ कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. हेतू देशहिताचा होता. पण २२ कॅरटच्या मऊ सोन्यावर पिढ्यान्‌पिढ्या बसलेला हात त्या कठीण धातूवर चालेना, गिऱ्हाईकही फिरकेना. देशभर हजारो सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. ती अट पुढे काही वर्षांत गेली, कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या काळात ज्या बापाने पोराच्या हातची फुंकणी काढून पाटी दिली, त्याला परंपरेचा द्रोही म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आज पुण्यामुंबईच्या पेढ्यांमागे बंगालमधून आलेले कारागीर मान खाली घालून आमचीच ठुशी, आमचीच वज्रटीक घडवतात. रक्ताचा वारस नाही म्हणून कला अडली नाही. तिचे ऋण घडवणाऱ्याच्या मुलावर असेल तेवढे असो. मिरवणाऱ्यांवर ते अधिक आहे. पाडव्याला बायकोसाठी बोरमाळ घेताना आपण सोन्याचा भाव मुकाट्याने मोजतो, आणि घासाघीस करतो ती मजुरीवर.