डोंगराची वाट आणि अधिकारविचार

पवित्र मानलेल्या डोंगरावर जाणाऱ्या अनेक वाटांपैकी कोणती वाट निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता अंतराचा, ऋतूचा आणि सोयीचा वाटतो. परंतु ज्या डोंगरावर देवाचा वास आहे अशी चालणाऱ्याची श्रद्धा असते, तेथे वाटेची निवड ही देवाकडे कोणत्या भावाने जायचे याचीही निवड असल्यामुळे तो धर्मविचाराचा प्रश्न ठरतो. अवघड वाटेने अधिक पुण्य लाभते काय, वाहनाने गाठलेले शिखर पायी गाठलेल्या शिखराहून कमी प्रतीचे आहे काय, आणि निवड करण्याचा हक्क चालणाऱ्याचा की नवसाचा, परंपरेचा की खुद्द डोंगराचा, असे त्याचे तीन उपप्रश्न होतात.

नागपूर शहराच्या नैर्ऋत्येस असलेला हिंगणा हा तालुका या विचारासाठी विशेष सोयीचा आहे. एका बाजूला एमआयडीसीतील कारखाने आणि दुसऱ्या बाजूला कापूस, तूर, सोयाबीन यांची शेती, अशा या सपाट प्रदेशातील माणसाला डोंगरावरचा देव गाठायचा झाल्यास घर सोडूनच जावे लागते, आणि नागपूरच्या आसपासच्या अशा गावांतील भाविकांपुढे प्रामुख्याने दोन डोंगर असतात. पहिला जिल्ह्यातलाच, नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेला रामटेकचा. दुसरा सावनेर, सौंसर, छिंदवाडा आणि तामिया या मार्गाने गाठायचा, सातपुड्यातील पचमढीचा महादेव. रामटेक जवळचा आणि ठेंगणा. पचमढी हे समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच वसलेले लहानसे गाव असून त्याच्याभोवती जटाशंकर, गुप्त महादेव, मोठा महादेव, चौरागड आणि नागद्वार अशी शिवस्थाने दऱ्याखोऱ्यांत विखुरलेली आहेत, त्यामुळे तेथे जाणाऱ्याला निवड टाळताच येत नाही.

तीर्थयात्रेचे शास्त्र या निवडीविषयी काय म्हणते, ते आधी पाहिले पाहिजे. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रापर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना सांगतात की, यज्ञाला द्रव्य आणि साधने लागत असल्यामुळे तो दरिद्री माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो, उलट तीर्थयात्रा त्यालाही साधते. मात्र हात, पाय आणि मन ज्याच्या ताब्यात आहेत, जे मिळेल त्यात जो संतुष्ट आहे आणि ज्याचा अहंकार गेला आहे, त्यालाच तीर्थाचे फळ लाभते. या प्रतिपादनात वाटेच्या अवघडपणाला स्वतंत्र स्थान नाही. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्य वाहनाने जाणाऱ्याची यात्रा निष्फळ ठरवते हे खरे, परंतु तेथे ऐश्वर्य, लोभ किंवा मोह यांमुळे वाहन वापरणारा माणूस अभिप्रेत आहे. निषेधाचा रोख वाहनामागच्या भावावर असल्यामुळे, गुडघे थकलेल्या वृद्धेने रामटेकच्या गडावर मोटारीच्या रस्त्याने जाणे आणि धडधाकट माणसाने केवळ प्रतिष्ठेपायी त्याच रस्त्याने जाणे, या दोन कृती बाहेरून सारख्या दिसल्या तरी धर्मदृष्ट्या वेगळ्या ठरतात.

हा भेद नेमका मांडण्यासाठी भारतीय परंपरेत ‘अधिकार’ ही संकल्पना उपलब्ध आहे. येथे तिचा अर्थ सत्ता असा नसून, एखादे कर्म करण्याची आणि त्याचे फळ भोगण्याची पात्रता असा आहे. जैमिनींच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय याच विषयाला वाहिलेला असून, परंपरेने या पात्रतेची जी अंगे मानली त्यांत तीन प्रमुख आहेत : अर्थित्व, म्हणजे फळाची खरी इच्छा, सामर्थ्य, म्हणजे कर्म पार पाडण्याची शक्ती व साधने, आणि विद्या, म्हणजे त्या कर्माचे ज्ञान.

या संकल्पनेचा इतिहास निष्कलंक नाही, हे मान्य केल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच अधिकारविचाराच्या आधारे शूद्रांना वेदाध्ययन नाकारले गेले आणि ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांतही त्या नकाराचे समर्थन झाले. जन्मावरून पात्रता ठरवणारी ही सारी व्यवस्था नाकारून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हा अधिकाराची संकल्पना आज वापरायची असेल, तर तिच्यातून जन्माची अट समूळ काढूनच वापरली पाहिजे. ती काढल्यावर जे उरते, ते म्हणजे इच्छा, शक्ती आणि ज्ञान यांचा प्रामाणिक हिशेब, आणि डोंगराची वाट निवडणाऱ्याला नेमकी याचीच गरज असते.

पहिले अंग अर्थित्वाचे. पचमढीत महाशिवरात्रीला चौरागडावर जाणारा विदर्भातला शेतकरी नवस फेडण्यासाठी खांद्यावर त्रिशूळ घेऊन सुमारे १३०० पायऱ्या चढतो आणि तो त्रिशूळ शिखरावर वाहतो. सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर असलेल्या, सुमारे १३५० मीटर उंचीच्या धूपगडावर जाणाऱ्या दुसऱ्या माणसाला केवळ सूर्यास्त पाहायचा असतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या पठारावर आला आणि पुढे पचमढी मध्य प्रांताच्या सरकारचे उन्हाळी ठाणे बनले, तेव्हापासून देखाव्यासाठी चालण्याची रीत तेथे रुळली, आणि एका कड्याला दीर्घकाळ फॉर्सिथचेच नाव होते. देखाव्याची इच्छा क्षुद्र आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण सृष्टीपुढे नम्र होणे हाही उपासनेचा एक प्रकार आहे. दोष उद्भवतो तो इच्छा एक आणि सोंग दुसरे असताना : डोंगर जिंकल्याचे समाधान हवे असताना देवाचे नाव घेणे, किंवा नवस बोललेला असताना त्याचे रूपांतर सहलीत करणे, या दोन्ही ठिकाणी अर्थित्वच खोटे पडते आणि पुढची निवड कितीही विचारपूर्वक केली तरी तिचा पाया ढासळलेला राहतो.

दुसरे अंग सामर्थ्याचे, आणि नागद्वारची यात्रा त्याची खरी कसोटी घेते. ही यात्रा श्रावणात, नागपंचमीच्या आसपासच्या मोजक्या दिवसांत भरते; ऐन पावसात ओल्या खडकांवरून, चढउतारांवरून आणि काही ठिकाणी शिड्यांवरून नागद्वारच्या गुहेपर्यंत जावे लागते. कारखान्यातील कामगाराला मिळणारी थोडी रजा, शेतकऱ्याच्या मागे असलेली निंदणाची कामे, घरातल्या लहान मुलांचे व म्हाताऱ्यांचे पाय, हे सारे सामर्थ्याच्या हिशेबात धरावे लागते, कारण डोंगरात माणूस क्वचितच एकटा चालतो आणि समूहाचे सामर्थ्य त्यातील सर्वांत अशक्त व्यक्तीइतकेच असते. विदर्भातील अनेक मंडळे या वाटेवर तळ देऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालतात. त्यांची यात्रा गुहेपर्यंत पोहोचण्यावर अवलंबून नसते, तरीही ती अपुरी आहे असे कोणताही भाविक म्हणणार नाही. आपल्या शक्तीबाहेरची वाट निवडून इतरांना संकटात लोटणारा माणूस तपस्वी नसून अहंकारी असतो, आणि पुलस्त्यांच्या कसोटीला तो तेथेच उतरत नाही.

तिसरे अंग विद्येचे. डोंगराचे ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, ते कोरकू आणि गोंड लोक या महादेवाचे यात्रेकरूंपूर्वीचे शेजारी आहेत, आणि वाट कोणती, पाणी कोठे, कोणत्या दरीत पावसात उतरू नये, हे ज्ञान मुळात त्यांचे आहे. आज हा प्रदेश सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात येतो आणि नागद्वारची वाट वर्षभर खुली नसते. भाविकाला हे बंधन श्रद्धेवरचे आक्रमण वाटू शकते. परंतु देवाचा डोंगर हा वन्य जीवांचाही निवारा आहे हे जाणणे हा विद्येचाच भाग मानला, तर वर्षातले बहुतेक दिवस ती वाट बंद असणे हा डोंगराचा स्वतःचा अधिकार ठरतो. निवड करणारा केवळ माणूस नाही, ज्याच्यावर पाऊल पडते त्या भूमीलाही नकार देता येतो, हा विचार जुन्या मीमांसेत नसला तरी आजच्या धर्मविचाराने तो आत्मसात करणे अगत्याचे आहे.

या तीन अंगांनी केलेली निवडही अंतिम नसते, हे रामटेकच्या संदर्भातील एका प्राचीन प्रवासावरून दिसते. रामटेकचे माहात्म्य फार जुने आहे : वाकाटक राज्ञी प्रभावतीगुप्ता हिच्या, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडलेल्या ताम्रपटात रामगिरिस्वामीच्या पादमूलाचा उल्लेख येतो, आणि वा. वि. मिराशी यांनी कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे हेच स्थान होय असे प्रतिपादन केले. महानुभाव परंपरेनुसार तेराव्या शतकात गुजरातेतील प्रधानपुत्र हरिपाळदेव याच रामटेकच्या यात्रेसाठी घराबाहेर पडला. परंतु वाटेत रिद्धपूर येथे त्याला गोविंदप्रभूंची भेट घडली आणि तेथून तो चक्रधर म्हणून विरक्त जीवनाकडे वळला. ठरवलेले स्थान बाजूला राहिले, तरी यात्रा व्यर्थ गेली नाही. उलट तिचे खरे फळ न ठरवलेल्या ठिकाणी मिळाले. पुढे चक्रधरांनी आपल्या अनुयायांना अटन, म्हणजे एका जागी आसक्ती न धरता फिरत राहण्याचा आचार, शिकवला आणि स्त्रिया व शूद्र यांनाही मार्गात स्थान देऊन अधिकाराच्या जुन्या कुंपणाला मराठी भूमीत तडा दिला. वाट विचारपूर्वक निवडणे आणि निवडलेली वाट सोडण्याची तयारी ठेवणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे त्यांच्या चरित्रातून स्पष्ट होते.

म्हणून अवघड वाट श्रेष्ठ आणि सोपी वाट कनिष्ठ ही समजूत टाकून देणे योग्य होय. इच्छा खरी असेल, सोबतच्यांच्या शक्तीचा विचार झाला असेल आणि डोंगराचे नियम ठाऊक असतील, तर रामटेकच्या अंबाळा तलावाकडून चढणाऱ्या पायऱ्या, तेथील गडावर जाणारा मोटारीचा रस्ता आणि श्रावणातील नागद्वारची निसरडी पाऊलवाट या तिन्ही सारख्याच धर्म्य आहेत. आणि यांपैकी एकही अट पाळली जात नसेल, तर त्या वर्षी घरीच राहून जाणाऱ्यांच्या शिदोरीला हातभार लावणे, ही त्या माणसाची योग्य यात्रा आहे. हिंगण्यातून वा अन्य कोठून डोंगराकडे निघणाऱ्या प्रत्येकाने वाट ठरवण्याआधी आपल्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याला विचारावे आणि त्याचे उत्तर देवाची आज्ञा समजून पाळावे.