ओहोटी बघून निघ

चि. सायलीस,


तुझी यादी मिळाली. एका दिवसात दूधसागर, बोंडला, जुन्या गोव्यातली झाडून सगळी चर्च आणि सूर्यास्ताला मिरामार! एवढं तर टूरवालेसुद्धा उरकत नाहीत. नवा कॅमेरा आहे, हौस आहे, कळतं मला. पण असा दिवस निम्मा गाडीत जातो आणि हाती लागतात ते सगळे भर दुपारचे फोटो. म्हणून यादीवर सरळ काट मारतो आहे. तू फक्त मांडवीच्या दोन काठांवर फिर. अलीकडे जुने गोवे, पलीकडे चोडण. तेवढ्याला एक दिवस पुरला तरी खूप झालं.

जुन्या गोव्यात कुठलंही चर्च टिपण्याआधी त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघ. से कॅथेड्रल पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे त्याचं ऊन सकाळचं. रस्त्यापलीकडची बॉम जेझू बॅसिलिका पश्चिमेकडे तोंड करून उभी. तिच्याकडे दुपारी साडेतीननंतरच जा. लोक नेमके बारा वाजता बसमधून उतरतात, दोन्हींचे फोटो काढतात आणि मग म्हणतात, कॅलेंडरवर दिसतं तसं काही आलं नाही. कसं येईल?

चोडणचे पक्षीही सकाळचे आणि से कॅथेड्रलही सकाळचं, मग आधी कुठे जायचं? ते नदीला विचार. मांडवीला इथे समुद्राची भरती-ओहोटी आहे. पाणी उतरलं की चोडणच्या खारफुटीतला चिखल उघडा पडतो आणि तुतवार, बगळे, खंड्या खायला बाहेर येतात. भरतीला तेच पक्षी आत कुठेतरी बसून राहतात. सकाळी ओहोटी असेल तर आधी रायबंदरहून फेरीबोट धर, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. भरती असेल तर आधी से कॅथेड्रल कर आणि पाणी उतरायला लागलं की पलीकडे जा. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा मी आज वेळ सांगितली तरी ती तुला पुढच्या आठवड्यात चालणार नाही.

चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अवघं 1.78 चौरस किलोमीटरचं आहे. नाव ऐकून भरतपूरची अपेक्षा ठेवू नकोस. पायवाटेवरून चालताना दोन्ही बाजूंना तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली दिसतील. तिथे पक्ष्यांच्या आधी निवटी बघ. मासाच, पण ओहोटीला पाण्याबाहेर, छातीच्या परांवर रेटा देत सरपटणारा. डोळे डोक्याच्या वर आलेले. दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर ताठ उभा करते. उभ्याने वरून टिपलंस तर नुसता मातकट ठिपका दिसेल. वाटेच्या कडेला पोटावर झोप, लेन्स तिच्या डोळ्याच्या पातळीला आण आणि हलू नकोस. बिळात गेलेली निवटी थोड्या वेळाने पुन्हा बाहेर येते. कपडे खराब होतील, होऊ देत. तुझ्या आईला मी सांगेन.

आता एक तांत्रिक गोष्ट, कारण ती दोन्ही काठांवर लागेल आणि उलटसुलट लागेल. समोर जे काही आहे ते मध्यम उजेडाचं असणार, असं कॅमेरा गृहीत धरतो. से कॅथेड्रलच्या पांढऱ्या भिंतीने चौकट भरली की तो उजेड कमी करतो आणि भिंत राखाडी येते. तिथे एक्स्पोजर एक स्टॉप वाढव. काळ्या चिखलात एकटा बगळा असेल तर कॅमेरा चिखलाला भुलतो, उजेड वाढवतो आणि बगळ्याच्या पिसांचा तपशील पार उडून जातो. तिथे एक स्टॉप कमी कर. एवढं जमलं तर महागड्या लेन्सचं मनातून काढून टाक. तुझी 300 मिलिमीटरची पुरेशी आहे.

संध्याकाळ बॉम जेझूसाठी राख. बांधकाम 1594 मध्ये सुरू झालं, 1605 मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. भिंत जांभ्याची, दर्शनी भागातले कोरीव खांब मात्र काळ्या पाषाणाचे, आणि तो पाषाण आणला तुमच्या वसईहून. तिरपं ऊन आलं की जांभ्याचं एकेक भोक सावलीने भरतं आणि काळा दगड वेगळा उठून दिसतो. इथे जवळ जा. अख्खं चर्च सगळेच काढतात.

पण त्याआधी एक फोटो अगदी सरळ, समोरून, पूर्ण इमारतीचा घे आणि त्याची तारीख लिहून ठेव. हा फोटो कुणाला आवडणार नाही, तरी घे. बॉम जेझूला पूर्वी गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यात, 1950च्या दशकात, काढून टाकला. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिणारा, म्हणून गिलावा पुन्हा द्यावा की नाही याचा वाद आजही चालू आहे. गिलाव्यासह ते कसं दिसायचं हे जुन्या फोटोंमुळेच कळतं. से कॅथेड्रलचा तुझ्या उजव्या हाताचा मनोरा 1776 मध्ये पडला, त्याचा फोटो असणं शक्यच नव्हतं. टेकडीवरच्या सेंट ऑगस्टिन चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं, पुढे 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा भाग गेला. उरलेला मनोरा तेवढा बघून ये. देखण्या फोटोंपेक्षा असे साधे फोटो जास्त कामाचे, हे माझं ठाम मत आहे, आणि वसईच्या किल्ल्यातल्या बिनछपराच्या चर्चनाही ते लागू आहे. ती तर तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत!

बाकी रीतभात तुला सांगायला नको, तरी सांगतो. मिस्सा चालू असेल तर कॅमेरा पिशवीत. आत फ्लॅश नाही, पाटी असेल ती वाचायची. गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा फोटो कितीही चांगला येणार असला तरी काढायचा नाही. पक्ष्याला बोलवायला मोबाइलवर त्याचा आवाज लावणारे चोडणलाही भेटतील. त्यांच्यात सामील होऊ नकोस. घरटं दिसलं तर लांबून बघून पुढे चाल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान ये, पाहुणे पक्षी तेव्हा असतात. तारीख ठरली की कळव. त्या दिवशीची ओहोटी बघून कितीची फेरीबोट धरायची ते मी कळवतो.

तुझा,
मामा