अभिप्रायाचा धनी

मुळशी तालुक्यातील रुग्णाचे रक्त तपासणीसाठी पुण्यास जाते, तेव्हा प्रयोगशाळेला रुग्ण दिसत नाही, बाटली दिसते. परत येतात ते आकडे आणि कधी त्यांखाली दोन ओळींचा अभिप्राय. तो संगणकातील तज्ज्ञप्रणालीने लिहिला, तर तिची पारख कशी करावी?

शंभरांत किती बरोबर, हे मोजावेच. १९७९ मध्ये जंतुसंसर्गावर औषध सुचविणाऱ्या अमेरिकेतील 'मायसिन' प्रणालीची अशी परीक्षा झाली. उत्तर यंत्राचे की वैद्याचे, हे परीक्षकांना ठाऊक नव्हते, आणि यंत्र तज्ज्ञांच्या तोडीस उतरले. परंतु हरवलेल्या मेंढराचा दाखला ऐकत वाढलेल्या आम्हांला चुकलेल्या एकाची चौकशी केल्यावाचून राहवत नाही.

सिडनीचे सेंट व्हिन्सेंट रुग्णालय धर्मभगिनींनी १८५७ मध्ये स्थापलेले. १९९० च्या दशकारंभी तेथे 'पीअर्स' प्रणाली अभिप्राय लिही आणि पॅथॉलॉजिस्ट ते वाची. एखादा चुकला, की हा रुग्ण पूर्वीच्या रुग्णाहून कशात वेगळा, हे सांगून तो नवा नियम घाली. त्या रुग्णाची नोंद नियमासोबत जपली जाई. असे सुमारे २००० नियम झाले. काम कंटाळवाणेच असणार!

हे वाचन वेळखाऊ म्हणून वगळले, तरी टक्केवारी कदाचित तीच राहील. मात्र पौडच्या डॉक्टरांनी शंका विचारण्यास फोन केला, तर उत्तर देणारा कोणी नसेल.